मंगळवारी बायकांचा खेळ

अलेक्झांड्रियात त्या काळी मंगळवारची दुपार बायकांची असे. अत्तारीन मोहल्ल्यातल्या थिएटरात त्या दिवशी पुरुषाचं नखही दिसायचं नाही. दाराशी बाई, तिकीट फाडायला बाई, आणि मुक्या चित्रपटाची गोष्ट सांगायला पडद्याशेजारी हातात छडी घेऊन बहीजा. मशीन फिरवायला मात्र फखरीशिवाय सोय नव्हती. म्हणून त्याला वरच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावायचं आणि किल्ली बहीजाने कमरेला खोचायची. त्याशिवाय मोहल्ल्यातल्या नवऱ्यांच्या जिवाला चैन कुठली.

फखरी बहीजाचा होणारा नवरा. माणूस भला, पण तोंड उघडलं की चाकं आणि दातेच. त्याने घरी एक यंत्र जुळवलं होतं. चित्र चालू असताना बाजूच्या भिंतीवर गोष्ट सांगणारी अरबी अक्षरं आपोआप, नेमक्या वेळेला उमटायची. थिएटरमालकाचा पुतण्या नऊम, त्याचा त्या यंत्रावर डोळा होता. आणि बहीजाचा जीव नऊमवर, आता काय बोलायचं. "यंत्र माझ्या हाती आलं की आपण दोघं कैरोला," नऊम म्हणाला होता. त्या मंगळवारी तिने फखरीला कोंडलं, मागच्या जिन्यावर नऊमला गाठलं आणि यंत्र फखरीच्या घरी पलंगाखाली आहे हे सांगून टाकलं. तो निघून गेला. ती छडी घेऊन पडद्याशेजारी उभी राहिली.

चित्रपट इटलीचा होता. एक शोधक, त्याने केलेलं यंत्र आणि ते चोरून श्रीमंताला देणारी त्याची प्रेयसी. आठवडाभर तोच खेळ चालू होता. बहीजाला तो झोपेतही सांगता आला असता.

"बघा बायांनो, आता कशी रडत रडत कपाट उघडते," ती म्हणाली.

पडद्यावरची बाई रडली नाही. ती हसली.

बहीजा अडखळली. फिल्मची दुसरी प्रत आली असेल, असं तिने मनाला समजावलं. मग शोधक कोंडला गेला, त्याचं दार दिसलं. एरवी ते नक्षीचं, शिसवी असायचं. आज ते साध्या फळ्यांचं होतं, कडीखाली रंग उडालेलं. ते दार तिने आत्ताच स्वतःच्या हाताने लावलं होतं.

"कोण ठोकतंय गं?" पुढच्या रांगेतल्या एका जाड्या बाईने बिया फोडता फोडता विचारलं.

"मुक्या चित्रपटात कोण ठोकणार, मावशी?" शेजारणीने टोमणा मारला. पण ठोकण्याचा आवाज बहीजालाही येत होता. तिला काही सुचेना. छडी भिंतीला टेकवून ती धावतच जिना चढली आणि कुलूप काढून, ते हातात घेऊनच आत शिरली.

फखरी घामाघूम होऊन मशीनचा दांडा फिरवत होता. शेजारी चहाचा पेला होता. कुठेच काही बिघडलं नव्हतं.

"तू ठोकत होतास?"

"दोन्ही हात कामात आहेत. ठोकू कशाने?" तो हसला. "पण बये, तू इथे, मग खाली कोण बोलतंय?"

भिंतीतल्या झरोक्यातून बहीजाचा आवाज येत होता. ठसठशीत, रोजच्यासारखा. तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवून पाहिला. तोंड मिटलेलं होतं.

"मग तिने त्याला कोंडलं," खालचा आवाज सांगत होता, "आणि यंत्र पलंगाखाली आहे हे दुसऱ्याला सांगितलं."

"मेली सटवी," खालून कुणीतरी म्हणालं. बायकांनी माना डोलावल्या असाव्यात, बांगड्या वाजल्या.

फखरीचा हात मंदावला.

"पलंगाखाली," तो म्हणाला. "हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"मी नाही बोलत, फखरी. हे बघ माझं तोंड." खरं होतं ते, पण त्याचा काय उपयोग.

"तो म्हणाला, किल्ली दे," आवाज म्हणाला.

"किल्ली दे," फखरी म्हणाला. आपण हे का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळलं नसावं. तो गोंधळून तिच्याकडे बघत होता.

"तिने दिली."

बहीजाने दिली. का दिली, देव जाणे.

"त्याने आतल्या कडीला कुलूप लावलं आणि किल्ली झरोक्यातून खाली टाकली."

फखरीने तसंच केलं. त्यासाठी त्याला दांडा सोडावा लागला. फिल्म दिव्यापुढे थांबली की पेट घेते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? थांबलेल्या चित्राच्या मधोमध तपकिरी डाग उमटला आणि पसरू लागला. दोघंही त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

खालचा आवाज थांबला.

"सित्त बहीजा, अहो बाई, पुढे?" जाड्या बाईने विचारलं.

बहीजा झरोक्याकडे झेपावली. दार फोडा, असं तिला ओरडायचं होतं. तिने तोंड उघडलं. आवाज नव्हता.

तो खाली होता.

"पुढे काही नाही, मावशी. संपलं," आवाज मायेने म्हणाला. "सावकाश उठा. पोरं सांभाळा."

बाकं सरकल्याचे आवाज येऊ लागले.