शून्य प्रवाशांचा थांबा

"शून्य? आजही शून्य?" वहीत डोकावत चष्मिश ओरडला.

"हळू बोल! ऐकतील ना ते!" बारकीने त्याची बाही ओढली.

सुट्टीचा तिसरा आठवडा होता. खेळ सगळे खेळून झाले होते आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता. बसथांब्याच्या खांबावर एक कागद डकवलेला होता: प्रवासी नसल्यामुळे हा थांबा बंद होणार, आज मोजणीचा शेवटचा दिवस. खांबाशेजारी खुर्ची टाकून बसच्या ऑफिसातले मोजणीवाले काका बसले होते. पाय समोरच्या लाकडी फळीवर पसरलेले, वही मांडीवर, डोळे अर्धवट मिटलेले.

बारकीने कागद पुन्हा एकदा वाचला. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दिवसभर उभी राहून ओल्या चादरी उचलायची आणि संध्याकाळी इथेच उतरायची. हा थांबा गेला की पुढचा थेट मोठ्या रस्त्यापलीकडे. तिथे ना सिग्नल, ना पट्टे. तिथेच मागच्या महिन्यात शिंपीकाकांना मोटारसायकलने उडवलं होतं. ते अजून लंगडत होते. आणि आई तर संध्याकाळी इतकी दमलेली असायची, की घराच्या पायरीलाही ठेचकाळायची.

"पण माणसं तर रोज चढतात की!" बारकीचा धाकटा भाऊ गोटू म्हणाला. "ती बघ केवढी गर्दी!"

गर्दी होती, पण तीस पावलं पुढे, शिंपीकाकांच्या दुकानाच्या पत्र्याखाली. बसही तिथेच थांबायची.

"काका, माणसं तिकडे आहेत!" बारकीने हाक मारली.

काकांनी भली मोठी जांभई दिली. "मला खांबापाशी मोजायला सांगितलंय. खांबापाशी कोण आहे? मी! आणि मी काही प्रवासी नाही."

पोरं गर्दीकडे धावली. "जरा खांबापाशी चला ना! थांबा वाचेल!"

कोणी जागचं हललं नाही. "पायांत त्राण नाही गं पोरी," भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. "तिकडे उभं राहायचं, आणि बस इकडे थांबली की परत पळायचं?"

बारकी मटकन खाली बसली. मावशींचं काही चुकत नव्हतं. सगळेच थकलेले होते, तीसुद्धा.

"माणसं हलत नाहीत, खांब हलवता येत नाही," चष्मिश पुटपुटला. "मग हलवायचं तरी काय?"

"खुर्ची!" बारकी ताडकन उठली. "ती शिंपीकाकांचीच आहे!"

दोनच मिनिटांत शिंपीकाका लंगडत खांबापाशी पोचले. "साहेब, गिऱ्हाईक आलंय, खुर्ची लागेल. तुम्ही दुकानातच बसा की. पंखा आहे, माठातलं पाणी आहे!"

पंख्याचं नाव काढताच काका उठले.

मग बस आली. काकांचा पेला ओठाशीच राहिला. "अरे बाप रे! बावीस चढले! हे आले कुठून?"

"रोज इथूनच चढतात!" तिघंही एका सुरात ओरडले.

काका बाहेर धावले. "अहो ड्रायव्हर, खांबापाशी का थांबत नाही?"

ड्रायव्हरने घाम पुसला. "ती फळी उचलून बघा! पाइपसाठी खड्डा खणला, वर फळी टाकली आणि गेले निघून. चाक आत जाईल आमचं. तीनदा कळवलं, शेवटी कंटाळलो."

काकांनी जाऊन फळी उचलली. खाली कमरेइतका खड्डा!

"चार दिवस याच फळीवर पाय पसरून बसलो होतो मी," ते ओशाळून म्हणाले. मग पुन्हा पंख्याखाली जाऊन संध्याकाळच्या शेवटच्या बसपर्यंत त्यांनी एकेक माणूस मोजला. सर्वांत शेवटी आई उतरली.

खड्डा बुजायला आठ दिवस लागले. खांबावरचा कागद निघाला आणि समोर रस्त्यावर पांढरे पट्टेही आखले गेले. त्या दिवशी काका मुद्दाम बारकीच्या घरी आले. "मोजणी माझी, पण डोळे या पोरांचे!" ते आईला म्हणाले. "शाबास रे!"

ते गेल्यावर आई पायरीवर टेकली. "गुणाची माझी पोरं," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच बारकीच्या खांद्यावर तिचा डोळा लागला.

बारकीच्या हाताला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. गोटूने हळूच आईच्या चपला काढल्या.