खोट्या पेशंटचं खरं दुखणं

"मी मार्ला, डॉक्टरांची असिस्टंट. काय होतंय तुम्हाला?"

बोलून झालं आणि मार्लाने जीभ चावली. अकरा वर्षांची सवय, ती एका परीक्षेपुरती थोडीच सुटणार! ओहायोच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात ती अकरा वर्षं फिजिशियन असिस्टंट होती. पेशंट तपासायचे, औषध लिहून द्यायचं, आणि अवघड काही दिसलं की दार उघडून आतल्या डॉक्टरांना हाक मारायची. छत्तिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात किडा वळवळला, की आता आपणच डॉक्टर व्हायचं. म्हणून ती सरोवराकाठच्या या ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात येऊन दाखल झाली. इथे औषधं-ऑपरेशनं सगळं शिकवतात, पण माणूस हातांनी चाचपून ओळखायचा, यावर भारी जोर.

आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. समोरच्या टेबलावर बसलेला उंच माणूस खरा पेशंट नव्हताच. असल्या परीक्षांना कॉलेज गावातल्या हौशी नटांना बोलावतं. कागदावर दिलेलं दुखणं त्यांनी वठवायचं आणि काही झालं तरी सोंग सोडायचं नाही. खरं नावसुद्धा सांगायचं नाही.

"मी बेकर," तो कण्हला. "फर्निचर उचलता उचलता कंबर धरली हो... पण तुम्ही असिस्टंट, तर डॉक्टर कुठायत?"

त्याचे डोळे चक्क हसत होते. मार्लाचे कान तापले.

"आडवे व्हा. आणि जरा बेताने कण्हा. कंबर धरलेला माणूस इतका सुरात कण्हत नाही."

"सकाळपासून सहा जणांपुढे कण्हलोय. एकाचीही तक्रार नव्हती."

"त्यांनी कधी खरा पेशंट पाहिला नसेल."

"आणि तुम्ही खरा माणूस कधी पाहिलात?" तो हळूच म्हणाला, आणि काचेआडच्या परीक्षकांची आठवण होऊन घाईघाईने पुन्हा कण्हायला लागला.

बाहेर बर्फ पडत होतं, पण मार्लाचे हात गरम होते. कंबरेचं दुखणं असलं तरी पोटावरून आतला स्नायू चाचपायचा, ही इथली शिकवण. सकाळच्या सहाही जणांनी वरवर बोटं फिरवून पुढचं पान उलटलं होतं. मार्लाने मात्र सावकाश, खोल हात दाबला... आणि ती जागच्या जागी थिजली.

पोटात खोलवर ठोके लागतात, ते तिला ठाऊक होतं. पण हे ठोके तिचे दोन्ही हात दोन बाजूंना ढकलत होते!

"तुमचं खरं नाव काय?"

"बेकर."

"खरं विचारतेय मी... घरात कुणी अचानक गेलंय? पोटातली रक्तवाहिनी फुटून?"

त्याचं कण्हणं थांबलं. "हे... कागदावर नाहीये," तो पुटपुटला.

"मला माहितीये. म्हणून तर विचारतेय!"

सोंग मोडलं तर पुन्हा बोलावणार नाहीत, ही धास्ती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ऑगी विल्कोस्की. बसगाड्या दुरुस्त करतो. वडील गेले... गॅरेजमध्ये, उभ्या उभ्या. बेचाळिसाव्या वर्षी. मला पुढच्या महिन्यात बेचाळीस पूर्ण होतील."

"हलू नका हं. आत्ता डॉक्टर येऊन बघतील," असं म्हणून ती दार ढकलून बाहेर धावली, आणि रिकाम्या बोळात उभी राहिली. इथे कुठले डॉक्टर येणार होते?

आल्या त्या परीक्षक डॉ. प्रेंटिस. त्यांनी स्वतः हात लावून पाहिला, आणि त्यांचाही रंग उडाला. ऑगीला तडक हॉस्पिटलात नेलं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी दुपटीहून जास्त फुगली होती. आठवड्याभरात ऑपरेशन करायचं ठरवून त्याला तूर्त घरी सोडलं.

"निदान अचूक," डॉ. प्रेंटिस संध्याकाळी मार्लाला म्हणाल्या. "परीक्षेत मात्र नापास. एप्रिलमध्ये पुन्हा बसा."

मार्लाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मॅडम, अहो, त्या माणसाचा जीव..."

"वाचेल, तुमच्यामुळेच. पण अशा वेळी पेशंटला एकटं सोडून तुम्ही ज्या डॉक्टरला शोधायला धावलात ना मार्ला, ती डॉक्टर त्याच खोलीत होती... तुम्हीच."

मार्लाला रडूही आलं नाही. ती नुसती सुन्न झाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या दारात बर्फात उभा होता ऑगी! हातात कागदी पिशवी, तिच्यात गरम पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेले पोलिश मोदकच.

"आईने केलेत. मी नापास केलं म्हणे तुम्हाला?"

"तुम्ही नाही हो, माझ्या सवयीने... आणि तुम्ही असे हिंडताय काय! वजन उचलू नका."

"सहा पिरोगी आहेत. वजनात धरायचे?"

ती हसली, आणि आपण हसलो याचाच तिला धक्का बसला. मग शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलात ईस्टरआधीच्या उपासाचा, मटणाऐवजी खातात तो तळलेला मासा झाला. रविवारी गोठलेल्या सरोवराच्या काठाने पावलं मोजत चालणं झालं. तो नाटकातले किस्से सांगायचा, ती पोट धरून हसायची, आणि मध्येच तिची नजर त्याच्या पोटाकडे जायची. प्रेमाचं कुणी बोललं नाही. ऑपरेशनआधी असलं काही बोलू नये, असं दोघांनीही मनाशी ठरवलं असावं.

मंगळवारी सकाळी वर्गात तिचा फोन थरथरला.

"हॉस्पिटलमधून बोलतेय. मिस्टर विल्कोस्कींना ऑपरेशनसाठी आत घेतलंय. काही झालं तर कळवायचं माणूस म्हणून त्यांनी तुमचं नाव दिलंय. येताय ना?"

माझं? मार्ला थक्क झाली. आई असताना, अख्खं गॅरेज असताना माझं? वर्ग अर्धा टाकून ती धावली.

अकरा वर्षं ती दाराच्या आतल्या बाजूची होती. आज पहिल्यांदाच बाहेरच्या खुर्चीवर बसली, ऑगीच्या आईचा गार हात हातात घेऊन. चार तास! आत काय चाललंय ते पायरी-पायरीने तिला माहीत होतं, आणि त्या माहितीनेच तिचा जीव टांगणीला लागला होता. आत्ता रक्तवाहिनीला चिमटे लावले असतील... आत्ता सोडले असतील... आणि अचानक, अगदी लख्ख, तिला कळलं, की हा माणूस गेला तर आपलं काही खरं नाही. आपण त्याच्यावर प्रेम करतोय. या विचाराने ती इतकी हादरली, की सर्जन येऊन समोर उभा राहिला तरी तिला उठता आलं नाही.

"व्यवस्थित झालं," सर्जन म्हणाला. आई मोठ्याने रडल्या. मार्लाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आत गेली, तेव्हा ऑगी डोळे मिटून पडला होता. नर्स कागद घेऊन आली.

"हे राहिलंच. नाव तुमचंच आहे, पण नात्याची जागा कोरी सोडलीय यांनी. म्हणाले, तिलाच विचारा. मैत्रीण लिहू?"

"नको."

"मग? त्यांच्या डॉक्टर आहात का?"

"मुळीच नाही. यापुढे मी याला कधीच तपासणार नाही."

"अहो, मग काय लिहू?"

मार्लाने मागे वळून पाहिलं नाही, कुणाला विचारलंही नाही.

"माझं याच्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "एवढं मावेल का तिथे?"

नर्सचं पेन हवेतच थांबलं. "जागा... फार लहान आहे हो."

"समासात लिहा," पलंगावरून खोल गेलेला आवाज आला. "आणि खाली माझंही तसंच लिहा. मार्ला... आता 'तू' म्हणू ना?"