खाऱ्या तळ्यावरची पावलं

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट सांगतो, आणि शपथेवर सांगतो, घडलेली आहे.

रात्रीची नाही. भर दुपारची. ऑस्ट्रेलियाच्या ऐन मधोमध, खाऱ्या तळ्याच्या काठावरची, गेल्या जूनमधली.

हिल्डा आमच्या ख्रिस्ती देवळातल्या गायनमेळ्याची म्होरकी. ती आणि रोशेल, दोघीच गाडीने पलीकडच्या वस्तीवर गायला निघाल्या होत्या. रोशेल ही हिल्डाच्या धाकट्या बहिणीची लेक. आम्हा इथल्या मूळ रहिवाशांच्या रीतीने हिल्डाचीच लेक. ती बहीण जानेवारीत वारली. तेव्हापासून तिचं नाव कुणी घेत नाही; गेलेल्याचं नाव, आवाज आमच्यात वर्षभर वर्ज्य. अंगणातली तिची पावलंसुद्धा, डावीकडे करंगळी नसलेली, आम्ही फांदीने झाडून टाकली.

लाल वाळूच्या टेकड्या सरल्या, काळ्या गोट्यांचं माळरान सरलं, आणि पांढरंफेक तळं लागलं. पाण्याचा थेंब नाही. वर मिठाची साय, खाली माणूस गिळणारा चिखल.

हिल्डाने चहाला जाळ केला.

"मोठी आई, साखर विसरलीस."

"तू तोंड बंद ठेव, चहा आपोआप गोड लागेल."

रोशेल हसली. मग तिने करू नये ते केलं.

फोनवर मेळ्याचं जुनं गाणं लावलं. त्यात तिच्या आईचा आवाज होता... खालच्या सुरातला.

"बंद कर. वर्ष व्हायचंय अजून."

"एकदाच ऐकू दे ना. विसरत चाललेय मी तिचा आवाज."

हिल्डाने फोन हिसकावून बंद केला.

गाणं थांबलं...

खालचा सूर थांबला नाही.

तो तळ्यावरून येत होता.

वारा नव्हता. माश्यासुद्धा गप्प.

हिल्डाने वळून पाहिलं... रोशेल जागेवर नव्हती. दूर मिठावर, त्या सुराच्या दिशेने चालली होती. हाका मारल्या, तिने मागे पाहिलं नाही.

पायांखाली साय करकरत होती...

हिल्डा काठावर उभी राहिली. कमरेवर हात.

"ए बाई, लहानपणी माझ्या हातातला घास ओढून खायचीस. मी दिला. ही पोर देणार नाही. तू देवापाशी गा, ही माझ्यापाशी गाईल."

आणि तिने स्तोत्राचा वरचा सूर लावला. आवाज फाटला, तरी सोडला नाही.

खालचा सूर अडखळला... थांबला.

रोशेल झोपेतून उठल्यासारखी हळूहळू परत आली.

आम्ही माणूस पावलांवरून ओळखतो. जातानाची पावलं एकटीची होती. येतानाची...

दोन जोड्या.

दुसरीच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. ती पावलं काठापर्यंत आली होती. पुढे काहीच नाही.

वस्तीतले म्हणाले, जा, झाडून ये. पाद्रीबुवाही म्हणाले.

"नेण्यासाठी बोलावलं की पोहोचवायला आली, ते तिचं तिला ठाऊक," हिल्डा म्हणाली. "पण लेकीला काठावर आणून सोडणारीची पावलं मी पुसणार नाही. तुम्हाला पुसायची तर घ्या फांदी."

कुणी गेलं नाही.

आता भर दुपारी हिल्डा काम करता करता मध्येच थांबते. कान देते. काय ऐकू येतं, ते सांगत नाही.

तुम्ही देवाचं गाणं म्हणाल, तेव्हा आमच्या हिल्डाची आठवण ठेवा. तो वरचा सूर ती अजून एकटीच धरून आहे.