खोटा टीएसएच

“केसांच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवा हं,” लॅबवाल्याने बजावलं होतं. चित्रकलेच्या बाईंनी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. तेव्हा कुठे घेत होती ती गोळ्या!

ती पहिलीच भेट. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बोट ठेवून तिने सहज विचारलं, “टीएसएच म्हणजे काय हो?”

“थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन. नाव भारदस्त, काम साधं... मेंदूजवळच्या ग्रंथीने गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. ही सुस्तावली की ती ओरडते. ही धावायला लागली की ती गप्प.”

“आमच्या मुख्याध्यापिका अशाच. फक्त गप्प कधी होत नाहीत!”

तो इतका हसला, की हातातला कापूस खाली पडला.

थायरॉइडची गोळी सुरू झाली, जिना चढताना लागणारी धाप थांबली, पण तिच्या शंका वाढतच गेल्या. दर आठवड्याला रिपोर्टातलं एखादं नवं आद्याक्षर विचारायला ती लॅबमध्ये हजर... आणि एक दिवस दारातूनच दिसलं – काउंटरवर नवी मुलगी, कमरेखाली रुळणारी वेणी, आणि तो तिला तेच समजावतोय. तीच हाक, तेच हसू!

बाईंच्या पोटात असं दुखलं, की परतताना तिने केसांच्या गोळ्याच घेतल्या. दुकानदाराने रोज एक सांगितलेली, ती दोन घेऊ लागली.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. दुपारी त्याचाच फोन.

“टीएसएच पार तळाला गेलाय. मला पटत नाही, म्हणून रिपोर्ट थांबवलाय. डॉक्टर हा बघून तुमची थायरॉइडची गोळी कमी करतील, आणि जिना चढताना पुन्हा धाप लागेल. खरं सांगा, काय घेताय?”

“केसांच्या... दोन.”

“अहो, त्या गोळ्या मशीनला चकवतात, आकडा खोटाच कमी येतो! बजावलं होतं ना? कशाला पण?”

“तिची वेणी... काउंटरवरची. तिच्याशीही हसत होतात.”



“ती शिकाऊ आहे, समजवावंच लागतं. आणि हसत होतो ते... तुमच्या मुख्याध्यापिकांची गंमत सांगताना. रोज तुमचं काहीतरी सांगतो मी. दुसरं सुचतच नाही.”

फोनवर मागून त्या मुलीचा आवाज आला, “कान किटलेत माझे! ताई, न्या हो यांना एकदाचं!”

केसांच्या गोळ्या बंद करून तीन दिवसांनी तिने पुन्हा रक्त द्यायला हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शीर सापडेना.

तिच्या खोट्या आकड्यावर शंका घेणारं कुणीतरी होतं. तुमच्या घरातली एखादी “काही नाही गं, जरा दमलेय” म्हणत असेल, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. आज जवळ बसून विचारा तिला.