श्वासाआधीची थाप

यात मीठमसाला नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरी, भर दुपारी घडलेलं आहे. तेव्हा आतल्या खोलीत तिचं बाळ झोपलं होतं.

ताई सॉफ्टवेअरवाली. बाळाच्या गादीखालची पट्टी श्वास टिपते आणि एक प्रोग्राम तो स्क्रीनवर रेघेत दाखवतो; तो प्रोग्राम तिच्याच कंपनीचा. प्रोग्राम म्हणजे एकत्र कुटुंबच. प्रत्येक भाग दुसऱ्याकडे काहीतरी मागत असतो. कोणाचं कोणावाचून अडतं, हे प्रोग्राम चालू असताना मोजायचं, हे ताईचं काम.

त्या दिवशी चाचणीसाठी तिने आपल्याच बाळाची पट्टी लॅपटॉपला जोडली.

प्रोग्राममध्ये एक जुना भाग होता. कोणी लिहिला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला कोणी वापरतही नव्हतं.

"मग उडव की! घरजावई पोसायचाय का?" फोनवर साहेब हसला.

"मोजते आधी."

मोजणी सुरू झाली. आणि…

श्वासाचा भाग त्या जुन्या भागाला काहीतरी विचारत होता. प्रत्येक श्वासाच्या आधी.

उत्तर आलं, की आतल्या खोलीतून आवाज यायचा…

थप.

मग श्वास.

ताईने आत डोकावलं. बाळाजवळ कोणी नव्हतं.

पण त्याच्या पाठीवरचं दुपटं मधोमध दबत होतं… आणि पुन्हा वर येत होतं.

कोण कोणावर अवलंबून आहे, याची खात्री करायची ताईच्या कामात एक रीत आहे. भाग बंद करायचा आणि कोण कोलमडतं ते बघायचं.

बोट सवयीनेच चाललं.

थाप थांबली.

स्क्रीनवरची रेघ सपाट.

ताई आत धावली. बाळाला हलवलं, हाका मारल्या. छाती हलेना. ओठ निळे…

ती बाहेर धावली. भाग चालू केला.

थप.

बाळ रडलं.

"बाळ ठणठणीत आहे. झोप तुम्हाला हवीय," डॉक्टर म्हणाले.

"योगायोग गं," नवरा म्हणाला.

ताईने लॅपटॉप उचलून बाळाच्या खोलीत नेऊन ठेवला.

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. "काढलास तो भाग?"

"नाही. त्याच्यावर एकजण अवलंबून आहे."

"कोण?"

तिने फोन ठेवला.

लॅपटॉप त्या खोलीत अजून चालूच असतो. बाळ आता रांगतं. उंबऱ्यापर्यंत येतं… आणि आपणहून मागे फिरतं.

परवा मी गेले होते. त्याला उचलायला बाहेरूनच हात पुढे केले.

"आत येऊन घे," ताई म्हणाली.

चहा घेतेस का, असं विचारावं, इतक्या साध्या आवाजात.