चार दोऱ्या, पाच भोकं

"भोकं पाच आणि दोऱ्या चारच?" टिटवी मोठ्याने म्हणाली. पण ऐकायला खोलीत होतं कोण?

सुट्टीभर हे असंच चाललं होतं. आई-बाबा कामासाठी परदेशी आणि हिची रवानगी मामाकडे. मामा वाचनालयाच्या आवारातच राहून तिथली जुनी पुस्तकं दुरुस्त करायचा. मायाळू होता, पण कामात डोकं घातलं की दिवसदिवस बोलत नसे. ग्रंथपालसाहेबांची जुळी मुलं, बोका आणि शेंग, बाहेर अंगणात खेळायची. टिटवी जवळ गेली की त्यांचा खेळ बंद!

आज मामा बाहेर गेला होता. टेबलावर प्रदर्शनात मांडायचं, वाचनालयातलं सगळ्यात जुनं पुस्तक होतं. वरचं कातडं गळून गेल्याने फळ्यांची भोकं आणि दोऱ्या उघड्या दिसत होत्या. पूर्वी पुस्तक कसं बांधत, ते मामाने तिला एकदा दाखवलं होतं. घडी घातलेल्या कागदांच्या जुड्या आडव्या दोऱ्यांवर शिवायच्या, दोऱ्यांची टोकं लाकडी फळ्यांच्या भोकांत ओवायची, खुंट्या ठोकायच्या आणि वरून कातडं चढवायचं. म्हणजे जितक्या दोऱ्या, तितकीच भोकं! मग हे कसं?

ती अंगणात धावली.

"आम्हाला वेळ नाहीये हं," शेंग म्हणाली.

"तुमच्या बाबांच्या प्रदर्शनाच्या पुस्तकाला दुसऱ्याच पुस्तकाच्या फळ्या लागल्यात!"

चेंडू बोक्याच्या हातातच राहिला. "अगं, कालच बाबा डिंक लावत होते! फळ्या निखळल्या होत्या म्हणे."

"मग फळ्यांचं खरं पुस्तक कुठंय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फाटकाशी वाचनालयाची रद्दी भरलेला टेम्पो उभा होता!

"काका, मागच्या चाकातली हवा गेली वाटतं!" बोका ओरडला. ड्रायव्हर वाकून चाक बघू लागला, तोवर दोघी पोत्यांवर तुटून पडल्या. धुळीने शेंगेला शिंकांवर शिंका!

"सापडलं!" जुनी वर्तमानपत्रं बाजूला सारत टिटवी किंचाळली. हातात एक उघडंवाघडं पुस्तक होतं. कडेला दोऱ्यांची पाच टोकं लोंबत होती.

"हा काय धिंगाणा?" ग्रंथपालसाहेब तरातरा आले. टिटवीने त्यांना टेबलापाशी नेलं आणि टोकं भोकांसमोर धरली. पाचही बरोब्बर जुळली!

साहेबांनी कपाळावर हात मारला. "घाईघाईत जे हाताला लागलं ते चिकटवलं मी. फळ्यांत दुसरंच पुस्तक बसलं आणि खरं रद्दीत गेलं! शाबास पोरी, तुझ्यामुळे वाचलं बघ!"

एवढ्यात जुळ्यांना आईची हाक आली. दोघं जेवायला पळाली, साहेबही मागोमाग गेले. पुन्हा सगळं शांत. शाबासकी मिळाली होती. पण ती सांगायची कुणाला?

मामा आला. त्याने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"टोकं ओवताना फळी धरायला कुणीतरी लागतं गं. आजवर गुडघ्यांत धरून भागवलं. धरतेस?"

तिने फळी घट्ट धरली.

"उद्याही?" मामाने विचारलं.

तिने जोरजोरात मान डोलावली.