कापलेला श्वास

त्या दिवशी डेट्रॉइटवर आभाळ सकाळपासून खाली उतरून बसलं होतं. बर्फ पडेल पडेल म्हणता दुपार झाली, पण पडलं नाही. वारा म्हणून नव्हता. धुरांड्यांचा धूर वर जायचा सोडून रस्त्यावरच लोळत होता.

होजिया प्रुइट पाव आणायला बाहेर पडला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, सावकाश चालणारा. वाटेतल्या जुन्या सामानाच्या दुकानाबाहेर गाण्यांच्या तबकड्यांची खोकी मांडलेली असत. तिथं तो कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबला, आणि हाताला तिसरीच तबकडी लागली ती व्हर्डेलची. वेष्टनावरच्या फोटोत ती पांढऱ्या हातमोज्यांत उभी होती. हसत नव्हती.

पाव राहिला. तबकडी काखेत धरून तो चार मजले चढून घरी आला. लिफ्ट दोन महिने बंदच होती.

होजिया पूर्वी स्टुडिओत गाण्यांच्या ध्वनिफिती कापायचा. शाळेचं आणि त्याचं फारसं जमलं नव्हतं, पण हात असा, की भर गाण्यातला खोकला काढून टाकला तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. दाढीच्या पात्यानं फीत तिरपी कापायची, नको तो तुकडा काढायचा, टोकं जुळवून चिकटवायची. एवढंच काम, पण वीस वर्षं केलं.

व्हर्डेल गेन्स त्याच्याच चर्चमधली, त्याच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली. चर्चच्या ढंगातली तिची सोल गाणी तेव्हा गल्लीगल्लीत वाजत. मग स्टुडिओच्या मालकानं ठरवलं, की हिच्याकडून जॅझची आणि नाटक-सिनेमातली, सगळ्यांना पाठ असलेली जुनी गाणी गाऊन घ्यायची. म्हणजे बड्या हॉटेलांतले गोरे लोकही तबकडी घेतील. व्हर्डेल छातीला कापराचं मलम चोळून आली आणि चार दिवसांत बारा गाणी गाऊन मोकळी झाली. मालकानं होजियाला सांगितलं, बाईचे श्वास तेवढे काढ. लोक जेवताना ऐकणार, कानाशी धापा टाकणारी बाई कुणाला हवी?

व्हर्डेलला हे कळलं तेव्हा ती आधी हसली. “ब्रदर होजिया, श्वास न घेणारी बाई कुठं बघितलीस तू? शवपेटीतच ना?” मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाकीचे काढ. शेवटच्या गाण्यात, शेवटच्या ओळीच्या आधीचा तेवढा ठेव. माझी आई चर्चमध्ये गाताना अस्साच दम घ्यायची. तो माझा नाही, तिचा आहे.”

होजियानं शब्द दिला. दुसऱ्या दिवशी मालक पाठीशी येऊन उभा राहिला, आणि होजियानं तोही श्वास कापला. तुकडा फेकवला नाही, म्हणून तंबाखूच्या डबीत ठेवला.

तबकडी पहिल्यांदा वाजली ती चर्चच्या तळघरात. बायकांनी कोंबडी तळून आणली होती, पालेभाजी शिजवून आणली होती. व्हर्डेल पुढच्या रांगेत बसली होती. त्या श्वासाची जागा आली तेव्हा तिनं मान वळवून होजियाकडे नुसतं पाहिलं. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, छान आहे, पण यात आमची व्हर्डेल कुठं आहे? हॉटेलवाल्यांनीही तबकडी घेतली नाही. पुढच्या हिवाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. होजिया आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिला, आणि एका सकाळी चर्चमधून तिच्या मरणाची घंटाच ऐकू आली.

त्यानंतर त्यानं ती तबकडी कधीच ऐकली नव्हती.

त्यानं सुई टेकवली. गाण्यामागून गाणं येत गेलं, घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखं स्वच्छ. कुठं कुठं पातं फिरलं होतं ते त्याला एकेक आठवत होतं. शेवटचं गाणं आलं. शेवटच्या ओळीच्या आधी व्हर्डेलनं खोल, थोडा घरघरता श्वास घेतला आणि ओळ म्हटली.

होजियानं कपाटातून डबी काढली. वीतभर फीत आत तशीच होती, टोकाला त्याची स्वतःची पिवळ्या पेन्सिलीची खूण.

त्यानं सुई उचलून पुन्हा त्याच गाण्यावर ठेवली. या वेळी श्वास आला, पण ओळ आली नाही. दुसरा श्वास आला. तिसरा. त्यानं घाईघाईनं सुई काढली. तबकडी फिरायची थांबली.

श्वास थांबले नाहीत. दोन श्वास, मग गप्प. पुन्हा दोन. कुणी पायरी चढावी, कठडा धरून उभं राहावं, तसे. खोलीत कापराच्या मलमाचा वास पसरत चालला होता.

“व्हर्डेल...” तो भिंतीकडे पाहत म्हणाला. “मी शब्द दिला होता... मला ठाऊक आहे...”

श्वास एकदम बंद झाले. दारावर टकटक झाली.

त्यानं डबी मिटून खिशात टाकली. मग दार उघडलं. बाहेर पहिल्या मजल्यावरची ओडेसा उभी होती, हातात मक्याच्या पावाचं गरम भांडं, वर फडकं. ती या इमारतीत राहायला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. व्हर्डेलचं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं. भांडं त्याच्या हातात देत ती म्हणाली, “ब्रदर प्रुइट, तुमच्याकडे पाहुणी येतेय वाटतं. जिन्याच्या खालच्या वळणावर बसलीय, पांढरे हातमोजे घातलेली. मी म्हटलं, हात देते, चला. तर म्हणाली, नको, तुम्ही व्हा पुढं... मला एवढा एकच श्वास घेऊ द्या.”